केबलचोरी, भंगाराचं गोदाम आणि झडती वॉरंट: नव्या तपासी अंमलदारासाठी

रब्बीचं पाणी सुरू झालं की तापीकाठच्या गावांतून एकच तक्रार येऊ लागते: रात्रीतून विहिरीवरची केबल कापून नेली. दोन-तीन दिवसांनी बातमी लागते की माल अमुक भंगारवाल्याच्या गोदामात उतरलाय. नवा फौजदार लगेच गाडी काढतो, गोदामात शिरतो, तांब्याचे भेंडोळे उचलतो आणि परततो. माल मिळालेला असतो, पण खटला उभा राहतो तेव्हा तो टिकत नाही. कारण कोणत्या कलमाखाली आत गेलात, काय शोधायला गेलात आणि जे उचललं ते तेच कशावरून, या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर नसतात. झडती दाराशी सुरू होत नाही. ती ठाण्यातल्या टेबलावर, अर्जाच्या पहिल्या ओळीत सुरू होते.

खाली हेच केबलचं उदाहरण घेऊन पुढे जाऊ. कायदा म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू असलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३. जुने सहकारी आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे आकडे धरून अजून "१६५ खाली झडती" आणि "९३ चं वॉरंट" असंच म्हणतात. नव्या संहितेत १६५ चं १८५ झालंय, ९३ चं ९६, ९४ चं ९७ आणि १०० चं १०३. पंचनाम्यात जुना आकडा पडला तर खटला बुडत नाही, पण उलटतपासणीत वकिलाला पहिली काडी तिथेच मिळते.

वॉरंट लागतं का?

प्रत्येक झडतीला लागत नाही. गुन्हा दाखल असेल, तपास तुमच्याकडे असेल, हवी असलेली वस्तू तुमच्याच हद्दीतल्या जागेत असल्याचं मानायला सबळ कारण असेल आणि दुसऱ्या मार्गाने ती वेळेत मिळणार नसेल, तर कलम १८५ खाली वॉरंटशिवाय झडती घेता येते. अट एवढीच की ही कारणं आणि शोधायच्या वस्तूचं शक्य तितकं वर्णन निघण्यापूर्वी केस डायरीत लिहायचं. परत आल्यावर लिहिलेली नोंद लपत नाही. आधीच्या आणि नंतरच्या नोंदींच्या वेळा तिचं बिंग फोडतात.

१८५ ची झडती शक्यतो अधिकाऱ्याने स्वतः घ्यायची. ते शक्य नसेल आणि दुसरा सक्षम अधिकारीही हजर नसेल, तर कारण लिहून हाताखालच्याला लेखी हुकूम द्यायचा, ज्यात जागा आणि वस्तू दोन्ही नमूद हव्यात. "हवालदारसाहेब, जरा जाऊन बघून या" हा हुकूम नव्हे.

मग वॉरंट कशाला? एक तर १८५ ला चालू तपास लागतो, नुसत्या बातमीवर ते चालत नाही. दुसरं म्हणजे, हातात अर्धा दिवस असेल आणि माल रातोरात हलण्याची भीती नसेल, तर वॉरंट घेणंच शहाणपणाचं. न्यायाधीशांनी आधी कारणं तपासलेली असतात, त्यामुळे "आकसाने घुसले" या बचावाचा जोर ओसरतो. घाई खरी असेल तर १८५ वापरा, पण आळसाला घाईचं नाव देऊ नका.

कोणाकडे आणि कोणत्या कलमाखाली

कलम ९६ चं वॉरंट न्यायालय देतं, ते तीन परिस्थितींत: ज्याला कलम ९४ खाली वस्तू किंवा कागद हजर करायला सांगितलं तो ते करणार नाही असं वाटत असेल, वस्तू कोणाच्या ताब्यात आहे ते न्यायालयाला माहीत नसेल, किंवा चौकशीसाठी एकूणच झडती घेणं उपयोगाचं असेल. पोस्टाच्या ताब्यातलं पार्सल किंवा पत्र असेल तर मात्र तालुक्याच्या न्यायालयात जाऊ नका. तो अधिकार फक्त जिल्हा दंडाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांना आहे. अधिकार नसताना दिलेल्या अशा वॉरंटने पुढची कार्यवाही निष्फळ ठरते.

आपल्या गोदामाला कलम ९७ चपखल बसतं: चोरीचा माल ठेवण्याची किंवा विकण्याची जागा. हे वॉरंट जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी म्हणजे आपले प्रांतसाहेब, किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. बनावट नोटा, खोटे शिक्के, बनावट दस्तऐवज यांच्यासाठीही हेच कलम. वॉरंट शिपायाच्या दर्जावरच्या कोणत्याही पोलिसाला देता येतं, म्हणजे हवालदारही चालतो. या कलमाची खासियत म्हणजे जागेत सापडलेल्या, त्या धंद्यात सामील दिसणाऱ्या माणसालाही ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यांपुढे नेता येतं.

माणूस शोधायचा असेल, म्हणजे कोणाला घरात बेकायदा डांबून ठेवलंय अशी तक्रार असेल, तर कलम १००. लग्न करून आलेल्या मुलीचे आईवडील प्रांतकचेरीत जो अर्ज घेऊन येतात तो बहुधा याच कलमाचा असतो. तिथे वस्तूची यादी नको, माणसाचं वर्णन आणि जागा हवी. आणि सापडलेल्या व्यक्तीला थेट दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं, परस्पर माहेरी सोडायचं नाही.

अर्ज

बहुतेक वॉरंट अर्जातच पडतात. "सदर इसमाच्या गोदामात चोरीचा माल असल्याची खात्रीलायक बातमी मिळाल्याने झडती वॉरंट मिळणेस विनंती" एवढ्यावर साहेब सही करणार नाहीत, आणि केली तर त्या वॉरंटला वजन नाही. कलम ९७ तर सांगतंच की दंडाधिकाऱ्यांनी माहितीवरून आणि त्यांना आवश्यक वाटेल ती चौकशी करून सबळ कारण आहे असं ठरवायचं. ती चौकशी करायला सामग्री कोण देणार? तुम्हीच.

अर्जात तीन वर्णनं नेमकी लागतात.

जागेचं. नुसता पत्ता पुरत नाही. आपल्याकडे एकाच आवारात भंगाराचं शेड, मागे राहतं घर आणि बाजूला भाऊबंदाचं दुसरं शेड असा प्रकार सर्रास आढळतो. म्हणून असं लिहा: "मौजे अमुक, गट नंबर अमुक, ग्रामपंचायत मिळकत क्रमांक अमुक, पूर्वेस डांबरी रस्ता, पश्चिमेस केळीचा बाग, उत्तरेस अमुक यांचे शेड, दक्षिणेस नाला. पत्र्याचे शेड, रस्त्याच्या बाजूला निळे लोखंडी शटर." मिळकत क्रमांक ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून घ्या, तोंडी विचारून नको. घराची झडती हवी असेल तर ती वेगळी मागा. न्यायालय झडती एखाद्या खोलीपुरती किंवा भागापुरती मर्यादित करू शकतं, आणि तशी केली असेल तर मागच्या घरात पाऊल टाकायचा अधिकार तुम्हाला नाही.

वस्तूचं. इथे केबलचोरीची खरी गोम आहे. चोर केबल जाळून वरचं प्लास्टिक काढतो आणि उरतं ते उघडं तांबं. जळक्या तांब्याच्या गोळ्याला ओळख नसते, कोणताही शेतकरी छातीठोकपणे "हे माझंच" म्हणू शकत नाही. म्हणून फिर्याद घेतानाच विचारा: सबमर्सिबलची चपटी तीन कोरची केबल होती का? किती चौरस मिलिमीटर, अडीच, चार की सहा? किती मीटर? जोड कुठे होता आणि त्यावर कोणत्या रंगाची टेप होती? मोटार गेली असेल तर तिच्या पाटीवरचा क्रमांक, नसेल तर खरेदीची पावती. केबलच्या आवरणावर कंपनीचं नाव आणि मीटरच्या खुणा छापलेल्या असतात. मग अर्जात मागा: "तीन कोरची चपटी केबल, अर्धवट जळालेल्या केबलचे तुकडे, जळक्या आवरणाचे अवशेष, आवरण काढलेली तांब्याची तार, तार कापण्याची कटर, वजनकाटा, खरेदी-विक्रीच्या वह्या आणि पावत्या." बरेचदा आवरणाचे अवशेष आणि वही तांब्यापेक्षा जास्त बोलतात. राखेजवळ जोडाची निळी टेप चिकटलेला हातभर तुकडा सापडला, तर फिर्यादी तो पाहताच ओळखतो.

आणि कारणाचं. बातमीदाराचं नाव लिहायचं नाही, ते सांगायची सक्ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३१ नुसार तुमच्यावर होऊ शकत नाही. पण बातमी मिळाल्यावर खात्री कशी केली ते लिहायलाच हवं: अमुक तारखेला साध्या वेशात पाहणी केली, शेडमागे जळक्या प्लास्टिकचा वास आणि काळी राख दिसली, अमुक वर्णनाचा छोटा हत्ती टेम्पो रात्री दोन वेळा आला. एवढं असलं की अर्ज पायावर उभा राहतो.

सोबत फिर्यादीची प्रत, संबंधित जबाब आणि पाहण्यापुरती केस डायरी न्या. अर्ज सहायक सरकारी वकिलांच्या नजरेखालून घाला. दहा मिनिटं जातात, पण "झडती कशाची आणि कुठली" हा प्रश्न ते न्यायाधीशांआधी विचारतात. सुट्टीच्या दिवशी सुट्टीच्या न्यायालयाचा हुकूम बघून जा, बंद कोर्टासमोर दोन तास घालवू नका.

वॉरंट हातात आलं की

तिथेच उभं राहून वाचा. पीठासीन अधिकाऱ्यांची सही आहे का, न्यायालयाचा शिक्का आहे का, तुमचं नाव व हुद्दा बरोबर आहे का, गट नंबर अर्जाप्रमाणेच उतरलाय का. टायपिंगमध्ये १४२ चं १२४ झालं तर तुम्ही दुसऱ्याच्या शेडवर वॉरंट घेऊन उभे आहात. दुरुस्ती न्यायालयातूनच करून घ्या, पेनाने नाही.

वॉरंट तुमच्या नावे असेल आणि तुम्हाला बंदोबस्त लागला, तर ते दुसऱ्या अधिकाऱ्याच्या नावे त्यावरच लेखी वर्ग करावं लागतं. न्यायालयाने रद्द करेपर्यंत किंवा अंमल होईपर्यंत वॉरंट जिवंत असतं. तरी महिनाभर खिशात ठेवून मग झडती घेतली तर "इतके दिवस माल तिथेच होता कशावरून" हा सवाल येणारच.

पंच

त्याच परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी, असं कलम १०३ म्हणतं. कोणी उपलब्ध नसेल किंवा तयार नसेल तर दुसऱ्या परिसरातले चालतात, पण मग पंचनाम्यात लिहा की कोणाकोणाला विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं. पंचाला लेखी नोटीस द्या. लेखी हुकूम देऊनही विनाकारण नकार दिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२२ चा गुन्हा होतो. ही तरतूद धमकी म्हणून वापरू नका, पंच त्यानेच फितूर होतो.

हुकमी पंच नावाचा प्रकार प्रत्येक ठाण्याला परिचयाचा आहे: चहाच्या टपरीवर बसलेले तेच दोघं, वर्षभरात आठ पंचनाम्यांत. बचावाच्या वकिलाकडे त्यांची यादी तयार असते. तलाठी, ग्रामसेवक, शाळेचे शिक्षक हे पर्याय बरे, साक्षीला येतात आणि अक्षर वाचता येण्यासारखं असतं. मात्र त्याच गावात ज्यांचं गोदामवाल्याशी भांडण आहे त्यांना घेऊ नका. वॉरंटमध्ये झडतीचा हेतू लिहिलेला असतो, तो पंचांना आधीच वाचून दाखवा.

सातपुड्यातल्या पाड्यावर झडती असेल, अक्राणी, अक्कलकुवा, शिरपूरचा डोंगरपट्टा, तर भाषेची सोय आधीच करा. तिथला माणूस पावरी किंवा भिली बोलतो; खाली धुळे-साक्रीकडे अहिराणी. पंचनामा मराठीत वाचून अंगठा घेतला आणि "वाचून दाखवला, बरोबर आहे" लिहिलं, की कोर्टात तो सांगतो मला काही कळलं नव्हतं, आणि तो खरं बोलत असतो. दुभाष्याचं नाव, गाव आणि त्याने कोणत्या भाषेत समजावलं हे लिहा, त्याची सही घ्या. घरमालक म्हणाला "हाई मन्हं नही शे", तर पंचनाम्यात तेच शब्द तसेच उतरवा, "आरोपीने ताबा नाकारला" असं गुळगुळीत करू नका.

निघण्याआधीची पिशवी

दोन चार्ज केलेले फोन आणि पॉवर बँक. कोरे कागद, कार्बन. लाख, मेणबत्ती, काडेपेटी, पितळी शिक्का. सुतळी, जाड सुई, कापडी पिशव्या, लेबलं. वैधमापनचा शिक्का असलेला वजनकाटा, मीटरटेप, विजेरी, हातमोजे. नवं कुलूप किल्लीसह. फोन किंवा डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डर) जप्त करायची शक्यता असेल तर वेगवेगळी पाकिटं. जागेत बायका असतील तर महिला अंमलदार सोबत हवीच, कारण बाईची अंगझडती बाईनेच, आणि मर्यादा राखून, घ्यायची असते. ती ऐनवेळी बोलावली की तासभर सगळे दारात उभे राहतात आणि तेवढ्या वेळात आतल्या चुलीत वह्या जळतात.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हात सलग चित्रीकरण करताना फोन तापून बंद पडतो. दुसरा फोन म्हणूनच. बंद पडला तर कोणत्या वेळी पडला आणि कधी सुरू झाला ते पंचनाम्यात लिहा, नाहीतर मधला तुटका भाग संशयाचा ठरतो. आणि लाखेची पाकिटं दुपारी तापलेल्या गाडीत ठेवू नका, लाख मऊ पडून शिक्का पुसट होतो.

दारात आणि आत

कलम १०५ नुसार झडतीचं दृक्-श्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे, शक्यतो मोबाइलवर. झडती, वस्तू ताब्यात घेणं, यादी बनवणं आणि पंचांच्या सह्या, हे सगळं त्यात आलं पाहिजे. सुरुवात आतून नको, बाहेर रस्त्यावरून करा: शेडचा दर्शनी भाग, शटर, पंच, वेळ. ई-साक्ष्य हे पुराव्याच्या चित्रीकरणाचं पोलिसांचं ॲप वापरत असाल तर वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदलं जातं. तोरणमाळच्या बाजूला रेंज नसेल तर चित्रीकरण करून ठेवा आणि पुढे पाठवायला लागलेल्या उशिराचं कारण स्टेशन डायरीत लिहा.

वॉरंट दाखवा. वाचायला मागितलं तर वाचू द्या. मागितल्यावर जागा उघडून देणं आणि सोयी करून देणं हे ताबेदाराचं, म्हणजे जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याचं, कर्तव्य आहे. उघडत नसेल, तर कोण आहोत आणि कशासाठी आलोय ते मोठ्याने सांगून, आत येऊ देण्याची मागणी करून, मगच दार किंवा कुलूप तोडता येतं. कोणी नसेल तर शेजाऱ्यांपुढे, कॅमेऱ्यासमोर तोडा आणि निघताना स्वतःचं कुलूप लावून चावी कोणाकडे दिली ते लिहा. पडद्यात राहणारी स्त्री आत असेल तर तिला बाहेर निघून जायची संधी द्या.

आत जाण्यापूर्वी अंमलदारांनी आणि पंचांनी आपले खिसे, पिशव्या घरमालकाला दाखवाव्यात. "माल पोलिसांनीच आणून ठेवला" हा सर्वांत जुना बचाव, आणि हे एक मिनिटाचं काम त्याला बांध घालतं. मालकाला किंवा त्याच्या माणसाला झडतीभर हजर राहू द्या. त्याला जीपमध्ये बसवून झडती घेणं ही मोठी चूक आहे, कलम १०३ त्याला हजर राहायचा हक्क देतं.

एका वेळी एकच खोली किंवा कोपरा, आणि सगळे पंच तिथेच. चार अंमलदार चार दिशांना पांगले आणि पंच मध्ये उभे, तर पंचाने पाहिलं काय? वस्तू सापडली की हात लावण्याआधी ती जिथे आहे तिथे चित्रित करा, अंतर मोजा, मग उचला. गोदामाचा कच्चा नकाशा काढून प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या.

वॉरंटमध्ये लिहिलेलं नाही असं काही दिसलं तर? ९७ च्या वॉरंटवर चोरीचा असल्याचा वाजवी संशय असलेला मालही घेता येतो. एकूणच, चोरीचा किंवा गुन्ह्याशी संबंधित संशय असलेली वस्तू पोलीस अधिकारी कलम १०६ खाली जप्त करू शकतो, मात्र दंडाधिकाऱ्यांना लगेच कळवायचं. पण तांबं शोधायला गेलेला माणूस कपाटातल्या प्रेमपत्रांच्या पेटीत हात घालतो, तेव्हा तो तपास नसतो.

फोन मिळाला तर उघडून चाळत बसू नका. विमान मोडवर टाका, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक लिहा, मॉडेल आणि ओरखडेसुद्धा लिहा, पाकिटात बंद करा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेली ओळखखूण, येते. नंतर फाइलमध्ये एका अक्षराचा बदल झाला तरी ती जुळत नाही. झडतीच्या तुमच्या स्वतःच्या व्हिडिओलाही हे प्रमाणपत्र लागतं, हे बरेच जण विसरतात.

पंचनामा

जागेवरच लिहा. ठाण्यात येऊन लिहिलेला पंचनामा शाईवरून, वेळेवरून आणि पंचांच्या मोबाइलच्या लोकेशनवरून पकडला जातो. लॅपटॉपवर करत असाल तर जुना नमुना उघडून त्यावर लिहिणं सोडा. मागच्या गुन्ह्यातल्या पंचाचं नाव तिसऱ्या पानावर तसंच राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत.

वेळा जुळवा. स्टेशन डायरीत निघाल्याची वेळ १६.३०, पंचनामा सुरू १६.१०, व्हिडिओवर १६.४२, अशी गंमत खटल्यात महागात पडते. सगळ्यांनी एकाच घड्याळाकडे बघा, म्हणजे फोनच्या.

प्रत्येक वस्तूपुढे ती कुठे सापडली, वर्णन, नग, ढोबळ आणि निव्वळ वजन. "तांब्याची तार अंदाजे ४० किलो" नको. "एक पांढरी प्लास्टिकची गोणी, आत आवरण काढलेली तांब्याची तार, गोणीसह वजन ४१.३०० किलो, रिकामी गोणी ०.२०० किलो, निव्वळ ४१.१०० किलो, शेडच्या वायव्य कोपऱ्यात पत्र्याच्या पिंपामागे" असं. नमुना वेगळा काढला असेल तर कशातून आणि किती ते लिहा. प्रत्येक पाकिटावर पंचांच्या सह्यांचं लेबल, सुतळी, लाख, आणि वापरलेल्या शिक्क्याचा ठसा पंचनाम्यावरही उमटवा, म्हणजे पुढे तुलना करता येते.

यादीवर पंचांच्या सह्या झाल्या की एक प्रत ताबेदाराला तिथेच द्या आणि मिळाल्याची सही घ्या. काही सापडलं नाही तरी पंचनामा करायचाच. "निरंक" पंचनामा लिहायला कंटाळा येतो, पण तो नसेल तर झडती घेतल्याचाच पुरावा राहत नाही.

एक गल्लत सारखी दिसते. आरोपीने कबूल करून "दाखवतो" म्हटल्यावर माल काढून दिला, तर ती वॉरंटची झडती नव्हे. तो साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ चा मेमोरंडम आणि त्यापाठोपाठचा जप्ती पंचनामा. दोन्हींची भाषा मिसळली की दोन्ही कमजोर होतात.

गांजा, जुगार: तिथे नियम वेगळे

शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात गांजाच्या शेतीवर छापे पडतात. तिथे एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, आणि न्यायालयं त्यात काटेकोर असतात. मिळालेली बातमी लिहून ७२ तासांत वरिष्ठांना पाठवणं, सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय शिरायचं असेल तर वॉरंट घेईतो माल लपवला जाईल या मताची कारणं लिहिणं, हे कलम ४२ चे नियम. अंगझडती असेल तर कलम ५०: जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्यायचा हक्क आहे हे सांगायचं. प्रत्येकाला वेगळं सांगा, एकत्र दोघांना एकाच नोटिशीवर नको, आणि "आमच्याच पथकातल्या साहेबांसमोर चालेल का" असा तिसरा पर्याय देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या परमानंद प्रकरणात नेमकं यावरच बोट ठेवलं. हातातल्या पिशवीला हे कलम लागत नाही, अंगझडतीला लागतं.

वजन करताना झाडं मुळं-मातीसकट काट्यावर टाकू नका. कायद्यातला गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांपासून सुटी झालेली पानं आणि बिया त्यात येत नाहीत. गांजाला १ किलोपर्यंत अल्प आणि २० किलोपेक्षा जास्त असेल तर व्यापारी प्रमाण. ओल्या देठासकट २४ किलो लिहिलं आणि शेंडे निघाले ९ किलो, तर सगळा खटला बदलतो. नमुने जागेवर काढण्याऐवजी कलम ५२अ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर काढा.

जुगाराच्या अड्ड्यासाठी महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियम, १८८७. त्यात कलम ६ चं विशेष वॉरंट असतं आणि ते फक्त न्यायालयच नव्हे, जिल्हा दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेले वरिष्ठ पोलीस अधिकारीही देतात. त्या वॉरंटवर आत शिरून पत्ते, फासे, चिठ्ठ्या सापडल्या तर कलम ७ चं गृहीतक मिळतं, म्हणजे ती जागा जुगाराचीच होती असं उलट सिद्ध होईपर्यंत धरलं जातं. वॉरंटशिवाय शिरलात तर ते गमावलंत आणि सगळं पुराव्याने सिद्ध करायला लागलं.

हद्द ओलांडून

खान्देशात हद्द कुठेही येते. रावेरचा माल बुऱ्हाणपुरात, पळासनेरचा सेंधव्यात, नवापूरचा गुजरातेत. शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत, मग ते दुसऱ्या जिल्ह्यात असो, कलम १८६ खाली तिथल्या प्रभारी अधिकाऱ्याला झडती घ्यायला सांगता येतं. माल हलेल अशी भीती असेल तर स्वतः झडती घ्या आणि लगेच त्या ठाण्याला आणि जवळच्या दंडाधिकाऱ्यांना कागद पाठवा. वॉरंट देशभर चालतं, पण वॉरंट देणाऱ्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर गेलात तर शक्यतो तिथल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा किंवा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा शेरा घ्या. शेरा घेईतो काम निसटेल अशी स्थिती असेल तर त्याशिवायही अंमल करता येतो. तिथे सापडलेला माल वॉरंट देणाऱ्या न्यायालयापुढे न्यायचा, जवळचं स्थानिक न्यायालय त्याहून जवळ असेल तर तिथे.

ज्याच्या दारात पोलीस आलेत त्याला

वॉरंट बघा, नाव, जागा, शिक्का तपासा. अडवू नका, शासकीय कामात अडथळा हा वेगळा गुन्हा आहे. हजर राहा, कोऱ्या कागदावर सही करू नका, यादीची प्रत मागा. वॉरंटशिवाय १८५ खाली झडती झाली असेल तर नोंदींच्या प्रती दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केल्यावर विनामूल्य मिळतात. विनाकारण, त्रास द्यायला झडती घेतली असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १४७ खाली अधिकाऱ्यावर कारवाई होऊ शकते.

पुराव्याचं मात्र वेगळं आहे. झडतीत चूक झाली म्हणून माल पुराव्यातून आपोआप बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या पूरणमल प्रकरणात सांगितलंय. या निकालाच्या भरवशावर ढिलाई करणारे अधिकारी आहेत. त्यांनी लक्षात ठेवावं, पुरावा दाखल होणं वेगळं आणि न्यायाधीशांनी त्यावर विश्वास ठेवणं वेगळं.

परत आल्यावर

मुद्देमाल त्याच रात्री मुद्देमाल कारकुनाकडे जमा करून पावती घ्या, स्वतःच्या टेबलाखाली ठेवू नका. पाकीट कोणाकडून कोणाकडे कधी गेलं याची साखळी रजिस्टरवर दिसली पाहिजे. १८५ च्या नोंदींच्या प्रती दंडाधिकाऱ्यांकडे लगेच, जास्तीत जास्त ४८ तासांत. चित्रीकरणही विनाविलंब. वॉरंट अंमल केल्याचा अहवाल, पंचनामा आणि वॉरंट न्यायालयात परत.

न्यायालयापुढे मुद्देमाल हजर केल्यापासून १४ दिवसांत त्याचं वर्णनपत्रक व्हायचं, फोटो-व्हिडिओ काढायचा, आणि पुढच्या ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश, असं कलम ४९७ सांगतं. फिर्यादी शेतकऱ्याला हे कळवा. केबल ओळखली गेली असेल तर त्याने अर्ज करून सुपूर्दनाम्यावर ती परत न्यावी. केळीला पाणी द्यायचं असतं, आणि नवी केबल घ्यायला त्याच्याकडे पैसे नसतात.